मराठी वाक्यातून इंग्रजीकडे : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी व्याकरण आणि शब्दांचा सराव

उचगाव : बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरच्या उचगावात मराठी माध्यमाच्या आठवी-नववीतल्या पोराचं दप्तर उघडलं तर तीन भाषांची पुस्तकं निघतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी. घरात मराठी, बेळगावला कचेरीत गेलं की कन्नड, आणि दहावीनंतर पीयूसीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत. त्यामुळे इंग्रजीचा पेपर म्हणजे नुसते गुण नव्हेत. इंग्रजीच्या धास्तीने चांगल्या डोक्याची मुलंसुद्धा सायन्सकडे वळत नाहीत. मग घरात बोललं जातं, "मराठी शाळेत घातलं म्हणून इंग्रजी कच्चं राहिलं," आणि धाकट्याचं नाव इंग्रजी माध्यमात जातं. मराठी शाळेचा पट असाही कमी होतो.

पण मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी चुका नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. त्या कशाही होत नाहीत, ठरलेल्या जागीच होतात, कारण विद्यार्थी मराठीचा नियम इंग्रजीला लावतो. चुकीची जागा ठाऊक असेल तर सरावही तिथेच करता येतो. खालचे सात सराव त्याच जागांवर बेतलेले आहेत.

इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. इंग्रजी लिपी न येणारे आई-वडील किंवा आजोबाही प्रश्न वाचून विचारू शकतील, उत्तर बरोबर की चूक तेही सांगू शकतील. विद्यार्थ्यांनी मात्र उत्तरे वहीत इंग्रजी लिपीतच लिहायची आहेत. तेवढ्यात स्पेलिंगचाही सराव होतो.

परीक्षेचे गणित

कर्नाटकात दहावीची परीक्षा एकूण 625 गुणांची असते. पहिली भाषा 125 गुणांची आणि बाकीचे पाच विषय प्रत्येकी 100 गुणांचे. मराठी माध्यमात पहिली भाषा मराठी, म्हणून इंग्रजी 100 गुणांची. त्यात लेखी 80 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. बाचीची वेस ओलांडून शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात गेलं की महाराष्ट्राचा बोर्ड लागतो. तिथेही मराठी माध्यमाला इंग्रजी 80 अधिक 20 अशीच आहे, पण पाठ्यपुस्तक आणि प्रश्नांचा नमुना वेगळा. त्यामुळे कोल्हापूर-गडहिंग्लजहून आणलेलं गाइड इकडच्या पेपराला तंतोतंत जुळत नाही. व्याकरण मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून हे सराव उचगाव, निपाणी, खानापूरच्या मुलांना जसे चालतील तसेच चंदगडच्याही.

सराव 1 : क्रियापद कुठे बसते?

मराठीत क्रियापद शेवटी येते. कन्नडमध्येही शेवटीच येते. म्हणजे सीमाभागातल्या मुलाला दोन्ही भाषा एकच सवय लावतात आणि इंग्रजी ती मोडायला सांगते.

मराठीचा क्रम : कोण, काय, कुठे, क्रिया. "आजोबा रताळी बाजारात विकतात."
इंग्रजीचा क्रम : कोण, क्रिया, काय, कुठे, केव्हा. "ग्रँडफादर सेल्स स्वीट पोटॅटोज इन द मार्केट."

इंग्रजीत लिहा :
1. आई रोज सकाळी भाकरी करते.
2. आम्ही शनिवारी बेळगावला गेलो.
3. बाईंनी फळ्यावर गणित लिहिले.
4. माझा भाऊ शिनोळीत एका कारखान्यात काम करतो.
5. मुले पावसात खेळत आहेत.

उत्तरे : 1. "मदर मेक्स भाकरी एव्हरी मॉर्निंग." 2. "वी वेंट टू बेळगाव ऑन सॅटर्डे." 3. "द टीचर रोट अ सम ऑन द ब्लॅकबोर्ड." 4. "माय ब्रदर वर्क्स इन अ फॅक्टरी इन शिनोळी." 5. "द चिल्ड्रन आर प्लेइंग इन द रेन."

लहान वर्गात हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर करावं. एका वाक्याचे तुकडे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, आधी मराठी क्रमाने मांडायचे, मग क्रियेची चिठ्ठी उचलून "कोण"च्या शेजारी ठेवायची. दहा वाक्यांत हात बसतो.

सराव 2 : "मला"चं "आय" होतं

"मला भूक लागली" या वाक्यात भूक लागते आणि ती मला लागते. कन्नडमध्येही "ननगे हसिवागिदे", म्हणजे "मला"च. इंग्रजीत मात्र माणूसच कर्ता : "आय अॅम हंग्री." हे न कळल्यामुळे "मला आंबा आवडतो"चं "मँगो लाइक्स मी" होऊन बसतं. आंब्याला मी आवडतो, असा त्याचा अर्थ झाला!

इंग्रजीत लिहा :
1. मला ताप आला आहे.
2. तिला पोहायला येते.
3. त्याला दोन बहिणी आहेत.
4. आम्हाला आता जायला हवे.
5. तुला कन्नड समजते का?

उत्तरे : 1. "आय हॅव अ फीव्हर." 2. "शी कॅन स्विम." 3. "ही हॅज टू सिस्टर्स." 4. "वी मस्ट गो नाऊ." 5. "डू यू अंडरस्टँड कन्नड?"

सोपी खूण अशी : मराठी वाक्य "मला, तुला, त्याला, तिला, आम्हाला" असं सुरू झालं आणि पुढे भावना, गरज, दुखणं किंवा येणं-समजणं असलं, की इंग्रजी वाक्य "आय, यू, ही, शी, वी" असं सुरू करायचं.

सराव 3 : मागे चिकटणारे, पुढे उभे राहणारे

मराठीत "त, वर, ला, ने, पासून" हे शब्दाच्या मागे चिकटतात. इंग्रजीत त्यांच्या जागी वेगळा शब्द येतो आणि तो नामाच्या आधी उभा राहतो. दुसरी अडचण म्हणजे एका मराठी प्रत्ययाला एकच इंग्रजी शब्द नसतो. "ने" घ्या. "पेनाने लिहितो" इथे "विथ", "बसने जातो" इथे "बाय", आणि "रामने पुस्तक वाचले" इथे काहीच नाही. हत्यार असेल तर "विथ", वाहन असेल तर "बाय", काम करणारा स्वतः असेल तर मोकळी जागा.

रिकाम्या जागा भरा :
1. वडील शेतात आहेत. "फादर इज ___ द फील्ड."
2. बस पाच वाजता सुटते. "द बस लीव्हज ___ फाइव्ह."
3. यात्रा मंगळवारी आहे. "द फेअर इज ___ ट्यूजडे."
4. पाऊस जूनमध्ये सुरू होतो. "द रेन्स बिगिन ___ जून."
5. ती विळीने भाजी चिरते. "शी कट्स व्हेजिटेबल्स ___ अ विळी."
6. तू माझ्यावर रागावलास का? "आर यू अँग्री ___ मी?"
7. आम्ही त्या विषयावर चर्चा केली. "वी डिस्कस्ड ___ द सब्जेक्ट."
8. त्याने तिच्याशी लग्न केले. "ही मॅरीड ___ हर."

उत्तरे : 1. इन. 2. अॅट. 3. ऑन. 4. इन. 5. विथ. 6. विथ. 7 आणि 8 मध्ये जागा रिकामीच ठेवायची. "डिस्कस्ड अबाउट" आणि "मॅरीड विथ हर" या मराठीतून गेलेल्या चुका आहेत.

वेळेसाठी एवढं पाठ करावं : घड्याळाची वेळ "अॅट", वार आणि तारीख "ऑन", महिना आणि साल "इन".

सराव 4 : "अ" की "अॅन"? देवनागरीला विचारा

इथे मराठी विद्यार्थ्याच्या हातात एक हुकमी पान आहे. "अ" आणि "अॅन" यांची निवड स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरते. आणि उच्चार लिहायला देवनागरीसारखी सोयीची लिपी नाही. शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ, इ, उ, ए, ओ, अॅ, ऑ यांच्यापैकी, तर "अॅन". व्यंजन असेल तर "अ".

"अवर" म्हणजे तास. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधी एच आहे, पण देवनागरीत "अ" दिसतो. म्हणून "अॅन अवर". "युनिव्हर्सिटी"च्या स्पेलिंगमध्ये आधी यू हा स्वर आहे, पण देवनागरीत "य" दिसतो. म्हणून "अ युनिव्हर्सिटी".

"अ" की "अॅन" ते ठरवा : अम्ब्रेला, ऑनेस्ट मॅन, युरोपियन, एम.एल.ए., वन-वे रोड, हॉर्स, एग, युनिफॉर्म.

उत्तरे : अॅन अम्ब्रेला, अॅन ऑनेस्ट मॅन, अ युरोपियन, अॅन एम.एल.ए., अ वन-वे रोड, अ हॉर्स, अॅन एग, अ युनिफॉर्म.

एक सावधगिरी. आपल्याकडे बोलताना "एग"चं "येग" आणि "एम.एल.ए."चं "येम.एल.ए." होतं. तसा उच्चार धरला की नियम फसतो. आधी उच्चार नीट, मग नियम.

आता "द". मराठीत गोष्ट सांगताना आपण म्हणतो, "एक मुलगा आला. त्या मुलाच्या हातात पिशवी होती." पहिल्यांदा "एक", दुसऱ्यांदा "त्या". इंग्रजीत "एक"च्या जागी "अ" आणि "तो, ती, ते, त्या"च्या जागी "द" : "अ बॉय केम. द बॉय हॅड अ बॅग इन हिज हँड." नामाआधी मनात "तो" किंवा "ती" घालून वाक्य जमतं का ते पाहायचं. जमलं तर बहुतेक वेळा "द" येतो.

सराव 5 : काळ एकदाच दाखवा

मराठीत क्रियापद प्रत्येकासाठी बदलतं : जातो, जातोस, जाते, जातात. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात ते एकाच ठिकाणी बदलतं : "ही, शी, इट" किंवा एकट्या व्यक्ती-वस्तूचं नाव असेल तर शेवटी "एस" लागतो. नाम अनेकवचनी झालं की "एस" नामाकडे जातो आणि क्रियापदाचा निघतो : "द बॉय रन्स", पण "द बॉईज रन".

भूतकाळात "डिड" आला की भूतकाळ त्यानेच उचलला. पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. एकच ओझं दोघांनी उचलायचं कारण नाही.

"पासून"चं मात्र दोन ठिकाणी वाटप होतं. कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर "सिन्स" : 2022 पासून, सोमवारपासून. किती काळ झाला ते सांगायचं असेल तर "फॉर" : तीन वर्षांपासून, दोन तासांपासून.

चूक शोधा आणि वाक्य पुन्हा लिहा :
1. "माय सिस्टर गो टू कॉलेज."
2. "डिड यू सॉ द मॅच?"
3. "ही डिडन्ट केम येस्टर्डे."
4. "द बॉईज प्लेज क्रिकेट."
5. "शी कॅन स्विम्स."
6. "आय अॅम नोइंग हिम."
7. "वी आर लिव्हिंग इन उचगाव सिन्स टेन इयर्स."

उत्तरे : 1. गोज. 2. सी. 3. कम. 4. प्ले. 5. स्विम, कारण "कॅन"च्या पुढे मूळ रूपच. 6. "आय नो हिम"; ओळखणं, आवडणं, समजणं यांना सहसा "इंग" लागत नाही. 7. "वी हॅव बीन लिव्हिंग इन उचगाव फॉर टेन इयर्स."

सराव 6 : उत्तरावरून प्रश्न

वाक्यातला अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा, हा प्रकार कर्नाटकच्या दहावीच्या पेपरात ओळखीचा आहे. मराठीत "तो उचगावात राहतो"चं "तो कुठे राहतो?" होतं. शब्द होता तिथेच बदलला. इंग्रजीत प्रश्नाचा शब्द पहिल्यांदा येतो आणि त्यामागे "डू, डझ, डिड, इज, आर" यांच्यापैकी एक मदतनीस लागतो.

पायऱ्या तीन. पहिली : अधोरेखित भाग जागा आहे, वेळ आहे, संख्या आहे की माणूस, ते ओळखा. दुसरी : त्याचा प्रश्नशब्द आधी लिहा. तिसरी : मदतनीस घाला आणि क्रियापद मूळ रूपात आणा.

प्रश्न तयार करा :
1. "ही लिव्हज इन उचगाव." उत्तर हवे : इन उचगाव.
2. "शी बॉट टू नोटबुक्स." उत्तर हवे : टू.
3. "द बस लेफ्ट अॅट सिक्स." उत्तर हवे : अॅट सिक्स.
4. "दे आर वेटिंग फॉर द डॉक्टर." उत्तर हवे : द डॉक्टर.
5. "रवी ब्रोक द स्लेट." उत्तर हवे : रवी.

उत्तरे : 1. "व्हेअर डझ ही लिव्ह?" 2. "हाऊ मेनी नोटबुक्स डिड शी बाय?" 3. "व्हेन डिड द बस लीव्ह?" 4. "हू आर दे वेटिंग फॉर?" 5. "हू ब्रोक द स्लेट?" पाचव्यात "डिड" नाही, कारण इथे कर्त्यालाच विचारलं आहे. हुशार मुलांचा गुण इथेच जातो.

सराव 7 : एक "लावणे", सात क्रियापदे

शब्द पाठ करायचे म्हणजे डिक्शनरीतले पन्नास शब्द घोकायचे, अशी पद्धत आहे. घोकलेला शब्द आठवड्यात विरतो. त्यापेक्षा रोज तोंडात असलेलं एक मराठी क्रियापद घ्यावं. "लावणे" आपण कितीतरी ठिकाणी वापरतो, इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळा.

योग्य क्रियापद सांगा :
1. दार लाव. 2. पंखा लाव. 3. झाड लाव. 4. कुलूप लाव. 5. दिवा लाव. 6. मलम लाव. 7. आजीला फोन लाव.

उत्तरे : 1. "शट द डोअर." 2. "स्विच ऑन द फॅन." 3. "प्लँट अ ट्री." 4. "लॉक इट." 5. "लाइट द लँप." 6. "अप्लाय द ऑइंटमेंट." 7. "कॉल ग्रँडमदर."

असाच सराव "काढणे" घेऊन घरी करावा : फोटो काढ, चित्र काढ, कपडे काढ, पैसे काढ, पाणी काढ. आणखी एक नेहमीची फसगत म्हणजे परीक्षा. आपण परीक्षा "देतो", इंग्रजीत विद्यार्थी ती "टेक" करतो : "आय टुक द एक्झाम." लाइट "गेली" तर "द लाइट वेंट" नव्हे, "द पॉवर वेंट ऑफ."

नवे शब्द शोधायला लांब जायला नको, घरातला मोबाइल पुरे. रिचार्जमध्ये "री" म्हणजे पुन्हा, अनलिमिटेडमध्ये "अन" म्हणजे नाही, प्रीपेडमध्ये "प्री" म्हणजे आधी. हे तीन तुकडे सुटे करून दुसऱ्या शब्दांना जोडा : राइट, हॅपी, पेड, लकी, बिल्ड. रीराइट, अनहॅपी, अनपेड, अनलकी, रीबिल्ड असे शब्द तयार होतात. "अनपेड बिल" म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

रोज पंधरा मिनिटे, पण रोज

मराठी वाक्यावरून इंग्रजी शिकायची ही वाट नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रात आणि सीमाभागात कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. सोप्या वाक्यापासून अवघड वाक्यापर्यंत, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. त्या पद्धतीत बोलायला मात्र फारसा वाव नव्हता. पेपर सुटायचा, तोंड उघडायचं नाही. म्हणून लेखी सरावाला मोठ्याने म्हणण्याची जोड हवी.

आठवड्याची आखणी अशी करता येईल. सोमवार ते शनिवार रोज एक सराव : पाच मिनिटे लिहायचं, पाच मिनिटे तपासायचं, पाच मिनिटे बरोबर वाक्ये मोठ्याने म्हणायची. सातवा सराव रविवारी घरच्यांबरोबर. दुसऱ्या आठवड्यात तेच सराव, पण वाक्ये स्वतःची : आपलं शेत, आपला वर्ग, आपली बस.

एक चुकांची वही ठेवावी. पानाच्या डाव्या बाजूला चुकलेलं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य आणि खाली मूळ मराठी वाक्य. महिन्याभराने वही चाळली की दिसेल, चाळीस चुका म्हणजे चाळीस प्रकार नव्हेत. पाच-सहा प्रकारच फिरून फिरून येतात. परीक्षेआधी नवं गाइड घेण्यापेक्षा ही वही दोनदा वाचलेली बरी.

पालकांनी एकच पथ्य पाळावं : चूक झाली की हसू नये. पोरगं चुकतं तेव्हा ते मराठीचा नियम बरोबर पाळत असतं, फक्त चुकीच्या घरात. "मराठीत क्रियापद कुठे येतं? मग इंग्रजीत कुठे यायला हवं?" एवढं विचारायला स्वतःला इंग्रजी यावं लागत नाही, मराठी आली तरी पुरे. जे उचगाव दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवतं, त्या गावातल्या घरांत एवढी मराठी नक्कीच आहे.